मोटारीचा खांदा

माझ्या गॅरेजात नवा ड्रायव्हर आला की मी त्याला मोटारीचं दुखणं आधी विचारत नाही. मी विचारतो, "ही मोटार हाती येण्याआधी काय हाकत होतास?" माणूस गोंधळतो. एखाद्याला रागही येतो. पण उत्तर मिळालं की माझं निम्मं काम झालेलं असतं. आधी टांगा हाकणारा असेल, तर त्याच्या पायाला टांग्याची घंटी वाजवायची सवय असते. बाजारात गर्दी दिसली की पाय आपोआप दाबला जातो, आणि मोटारीत त्या जागी घंटी नसते, क्लच असतो. मग लोक बाजूला होत नाहीत आणि मोटार मात्र पुढं जायची थांबते. असा एक टांगेवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता की इंजिन बाजाराला भितं.

हा प्रश्न विचारायची अक्कल मला एका दिवसात आली नाही. ती मला पुसेगावच्या पलीकडच्या एका देशमुखांच्या मोटारीनं आणि त्यांच्या संभा नावाच्या ड्रायव्हरनं शिकवली. संपादकांनी धंद्यातलं काही लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो की माझ्या धंद्यातलं जे काही आहे ते मोटारीखाली उताणं पडूनच दिसतं. ते म्हणाले, तसंच लिहा. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर खाली यावं. कपडे खराब होणार नाहीत.

हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला माझं गॅरेज. गॅरेज हा शब्द मोठा आहे. चार खांबांवर पत्रे, मध्ये छातीइतका खोल खड्डा आणि बाजूला एक लिंबाचं झाड, ज्याच्या फांदीला साखळी बांधून मी इंजिनं उचलत असे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आसपासच्या मुलखात मोटारी इतक्या थोड्या होत्या की आवाजावरून मी बसल्या जागी सांगे, कोण गावात आलं.

आता क्लच म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोटारीचं इंजिन सारखं फिरत असतं. चाकांना मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. म्हणून दोघांच्या मध्ये जात्यासारख्या दोन तळ्या एकमेकींवर घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्या चिकटलेल्या असल्या की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. ड्रायव्हरनं डाव्या पायाचं पेडल दाबलं की तळ्या वेगळ्या होतात आणि इंजिन एकटं फिरतं. गिअर बदलायचा तो त्या वेळात.

अडचण अशी की पेडल फिरत नाही आणि तळी तर मिनिटाला हजार फेरे फिरत असते. न फिरणाऱ्यानं फिरणाऱ्याला दाबायचं कसं? त्यासाठी मध्ये एक गोळ्यांची कडी बसवतात. तिची एक बाजू स्थिर राहते, दुसरी फिरते. हेच क्लचचं बेअरिंग. आकारानं बाईच्या पाटलीएवढं, पण काम सोयरीक जुळवणाऱ्या माणसाचं. दोन्हीकडचा दाब त्यानं सोसायचा. त्याला कामापुरतं बोलवावं आणि काम झालं की मोकळं सोडावं. रोज उठून मध्ये बसवून ठेवलं, तर तो तापतो, मग ओरडतो आणि शेवटी जळतो.

म्हणून पेडलाला वरचा इंचभर प्रवास रिकामा ठेवतात. तेवढ्यात पेडल हलतं, पण बेअरिंगला हात लागत नाही. हा एक इंच मी पट्टीनं मोजून ठेवतो, अंदाजानं नाही.

देशमुखांची मोटार पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा ती ओरडत होती. पण माझ्याकडे यायला तिला उशीर झाला, कारण वाड्यावर तो आवाज मोटारीचा आहे असं कोणाला वाटलंच नाही. पेडल दाबलं की आतून टिटवीसारखा चिरका आवाज येई, सोडलं की बंद. टिटवी ओरडणं वाईट. मोटार वाड्याच्या दारात वळायची, तेव्हाच पेडल दाबलं जायचं, म्हणून टिटवी नेमकी दारातच ओरडायची. देशमुखांच्या घरच्या बाईसाहेबांनी मोटारीला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधायला लावला. देशमुखांनी एका गड्याला गोफण देऊन दारासमोरच्या चिंचेखाली बसवलं. त्या गड्यानं प्रामाणिकपणे पुष्कळ धोंडे फेकले आणि त्यातला एक मोटारीच्या दिव्याला लागला. दिवा फुटला म्हणून मोटार माझ्याकडे आली, आवाजासाठी नव्हे.

बेअरिंग बदलायचं म्हणजे कडी दहा मिनिटांत बसते, पण तिच्यापर्यंत पोचायला दिवस जातो. आधी पायाखालच्या फळ्या काढायच्या, मग मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवायचा, मग गिअरबॉक्सचे बोल्ट. शेवटचा बोल्ट निघाला की तो दीड मणाचा लोखंडी डबा खाली येतो. मोठ्या शहरांत तो टेकवायला लोखंडी घोडी, म्हणजे तिवई, असते म्हणतात. माझ्याकडे माझा उजवा खांदा होता. खड्ड्यात उभं राहून खांद्यावर गोणपाट टाकायचं, डबा त्याच्यावर घ्यायचा आणि मागे सरकायचं. चढवताना आणखी हाल. डब्याचा दांडा तळीच्या मधल्या दात्यांत बराबर बसला पाहिजे. तो बसेपर्यंत डबा खांद्यावर तोलून, कधी केसभर वर, कधी केसभर डावीकडे, असं करत राहायचं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे, हे आमच्या शिंप्यानं मला सांगितलं. त्याला मापात ते दिसलं.

मी बेअरिंग बदललं, टिटवी गेली. गोफणवाला गडी शेतात परत गेला. सगळं ठीक झालं, असं मला वाटलं. पण एक हंगाम संपायच्या आत ती पुन्हा ओरडू लागली.

आता संभाविषयी सांगायला हवं. मोटार यायच्या आधी तो देशमुखांची दमणी हाकायचा. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. लहानपणापासून त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. मोटार घ्यायची ठरली तेव्हा देशमुखांनी दमणीची जोडी विकली, आणि संभा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला की मला मोटार शिकवा, न्हाई तर मलाबी जोडीसंगं इका. देशमुखांना हसू आलं आणि त्यांनी त्याला नांदेडला शिकायला पाठवलं. तो परत आला तो खाकी कोट घालून. कोट उन्हाळ्यातही अंगावरून उतरत नसे. मोटार तो काळजीनं चालवायचा. खड्डा दिसला की आधी "हां, हां" म्हणून मोटारीला सावध करायचा. उतरल्यावर तिच्या बॉनेटवर थाप मारायचा. थांबला की चाकाखाली धोंडा लावायचा आणि कधीकधी, सवयीनं, समोर कडब्याची पेंढी आहे का ते पाहायचा.

दुसरं बेअरिंग जळालेलं काढलं तेव्हा मी संभाला विचारलं, "क्लचवर पाय ठेवून चालवतोस का?"

"न्हाई मिस्तरी. गेर टाकतानाच दाबतो. नांदेडच्या मास्तरानं तसंच शिकिवलं."

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणून मी बेअरिंगवर संशय घेतला. मग पेडलावर घेतला. एक इंच पुन्हा मोजला, बराबर होता. हैद्राबादेहून नवी कडी मागवून बसवली, आणि तीही पावसाळ्याच्या तोंडाशी ओरडली. या वेळी देशमुख स्वतः आले. ते स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांचा आवाज मोठा होता, आणि मोटारीच्या आवाजापेक्षा तोच जास्त लांब जायचा.

"मिस्तरी," ते म्हणाले, "दोनातलं एक खरं. तुमी भंगार माल घालून राहिलात, न्हाई तर हा संभा मोटारीला खाऊन राहिला. आता ही एकडाव बसवा. पुन्हा का टिटवी बोलली, तर मी नांदेडचा ड्रायवर आणतो आन् हा जातो बैलाकडं. आन् मोटार दुसऱ्या मिस्तरीकडं."

संभा शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "कोन्त्या बैलाकडं, मालक? जोडी तर तुमी इकली."

देशमुखांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. पण खरी गोष्ट तीच होती. मोटारीवरून उतरला तर संभाला परत जायला जागा नव्हती. दमणी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. नांगराला गडी पुरेसे होते. मला दुसरी गिऱ्हाइकं होती, त्याला दुसरा धंदा नव्हता.

त्या दिवशी मी नवी कडी बसवत असताना तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. म्हणाला, "मिस्तरी, एवढीशी कडी. हिच्यावर असा काय भार येतो?"

त्याला तळ्या आणि फेरे सांगून उपयोग नव्हता. मी त्याच्या भाषेत सांगितलं, "बैलाचं जू कुठं टेकतं? खांद्यावर. तसा हा मोटारीचा खांदा. सगळा जोर इथून जातो. खांदा सोलला की बैल चालत नाही, तशी ही चालत नाही." फळी काढून, क्लचच्या डब्याला जे हात जाईल एवढं झाकण असतं, तेही त्याला दाखवलं. बोट आत घालून म्हणालो, "इथं. इथं वर्षातून दोनदा मी थोडं ग्रीस देतो. बाकी कोणी हात लावायचा नाही."

तो बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिला. मला वाटलं, समजलं. समजलं होतंच. फार समजलं होतं.

पोळ्याला देशमुखांनी मला जेवायला बोलावलं होतं. त्यांचे जावई परभणीहून पहिल्या पोळ्याला येणार होते. सकाळच्या गाडीनं ते हिंगोली स्टेशनावर उतरले. देशमुख मोटार घेऊन घ्यायला आले होते. मला संभाच्या शेजारी बसवलं, मागे सासरे-जावई. पाऊस चार दिवस उघडला होता, रस्ता बरा होता. गावोगाव ओढ्यांवर बैल धुवून चालले होते, शिंगांना रंग देणं चाललं होतं. जावईबापू बारीक अंगाचे, अबोल गृहस्थ. प्रवासात त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं.

मला प्रथम नाकानं कळलं. गाव सुटल्यावर थोड्या वेळानं मोटारीत एक वास येऊ लागला. पेट्रोलचा नाही, रबराचा नाही. मागून जावईबापू पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, जवळपास कोणी पुरणपोळी भाजतंय का. देशमुख म्हणाले, आज घरोघरी तेच. पण आम्ही घरं मागे टाकून माळावर आलो तरी वास सोबतच होता, उलट वाढत होता. तुपाचा, हळदीचा, थोडा करपल्याचा.

मी खाली वाकून पाहिलं, की वास कुठून येतोय. फळीच्या फटीतून धूर येत होता. आणि त्याच वेळी मला दुसरी गोष्ट दिसली. संभाचा डावा पाय पेडलावर होता. गिअर बदलायचा नव्हता, रस्ता सरळ होता, तरी पाय पेडलावर विसावलेला होता, आणि पायाची बोटं हळूहळू हलत होती. संभा समोर पाहत होता. त्याला त्या पायाची खबर नव्हती.

हे मनात नीट बसायच्या आत नरसीच्या अलीकडचा ओढा आला. उतारानं आम्ही खाली गेलो, पाण्यातून निघालो, आणि चढावर मोटार थांबली. इंजिन बंद पडलं नव्हतं, ते तर जोरात गर्जत होतं. चाकं मात्र जागची हलत नव्हती. तळ्या एकमेकींवर नुसत्या घसरत होत्या, आणि पुरणपोळीचा वास असा सुटला की ओढ्यातले बैलसुद्धा माना वर करून पाहू लागले.

मी फळी उचलली. क्लचच्या झाकणाच्या कडेनं पिवळं ओघळलं होतं.

"संभा," मी म्हणालो, "हे काय आहे?"

"लोणी न् हळद," तो म्हणाला.

"कोणी घातलं?"

"म्या. काल खांदेमळणी व्हती न, मिस्तरी."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलाचे खांदे लोणी आणि हळद लावून मळतात, कारण वर्षभर तिथं जू टेकलेलं असतं. मळता मळता बैलाच्या कानात म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. संभानं हे लहानपणापासून दर वर्षी केलं होतं. यंदा त्याच्याकडे बैल नव्हते. पण खांदा कुठं आहे ते त्याला माहीत होतं. मीच दाखवला होता.

"चांगलं वाटीभर घातलं," तो म्हणाला. "कंजुषी न्हाई केली."

कोरड्या राहायच्या तळ्यांवर वाटीभर लोणी. मी डोक्याला हात लावला नाही, कारण हात पिवळे झाले होते.

देशमुख खाली उतरले. ओढ्यावर बैल धुणारे चार-सहा शेतकरी होते. देशमुखांनी आवाज दिला की एक जोडी जुंपा आणि मोटार वर काढा. कोणीच हललं नाही. एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा आपल्या बैलाच्या पाठीवर पाणी टाकत टाकत म्हणाला, "आज जू न्हाई, मालक."

"दोन कासऱ्यांइतकी वर न्यायची हाय नुसती."

"दोन बोटंबी न्हाई. आज त्याहिचा दिस. आज मानेवर काई चढत न्हाई."

 देशमुखांच्या घरीही तोच नेम होता. त्यांनी स्वतःच्या बैलांना आज जुंपलं नसतं. जावई उन्हात उभे, घरी पंगत थांबलेली, आणि समोर न्हाऊन निथळणारे चौदा-पंधरा बैल निवांत उभे. तेवढ्यात संभानं तोंड उघडलं. न उघडता तर बरं झालं असतं.

"मालक, तिलाबी म्या आवतण देलं व्हतं. तिचाबी पोळाच हाय आज."

म्हाताऱ्याला हे फार पटलं. तो म्हणाला, बैल देत न्हाई, पण पोरं देतो, नाडाही देतो. त्यानं गाडीचा जाड नाडा आणून मोटारीच्या पुढच्या दांड्याला बांधला. गावची पोरं लागली, मी लागलो. तरी ती जागची निघेना, कारण पोरांना हसू आवरत नव्हतं. म्हाताऱ्यानं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि देशमुखांना नम्रपणे म्हणाला, "मालक, तुमी डाव्या अंगाला लागा. जावईबापूला उजव्या अंगाला घ्या. जोड बसंल."

देशमुखांनी फेटा काढून आत ठेवला आणि नाडा खांद्यावर घेतला. जावईबापूंनी कोट काढला. संभा चाक धरून आत बसला होता आणि सवयीनं तोंडातून "हां, हां, हळू" असा आवाज काढत होता. देशमुखांनी मागे वळून एकदाच पाहिलं, मग तो आवाज बंद झाला. माणसं ओढत होती आणि बैल बघत होते. चढ संपल्यावर म्हाताऱ्याच्या घरच्या बाईनं आम्हा सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. ताटात होतंच, बैलांसाठी आणलेलं.

वर सपाटीला मोटार हळूहळू चालली. आम्ही पोचलो तेव्हा पोळा फुटून गेला होता आणि पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. जेवून उठल्यावर देशमुख खांदा चोळत बसले. त्यांच्या उजव्या खांद्यावर नाड्याचा वळ उठला होता.

रात्री मी वाड्यावरच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संभाला अंगणात बोलावलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळू बोलले, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, किल्ली ठेव. मी आज नांदेडला चिठ्ठी लिहितो. संभानं किल्ली काढली, कोटानं पुसली आणि ओट्यावर ठेवली. मग तो खाकी कोटाची बटणं काढू लागला.

मला बोलणं भाग होतं. बोललो तर संभाचं आणखी वाईट होईल की काय, याची मला खात्री नव्हती. पण अर्धं सांगणं मला जमत नाही. मी म्हणालो, लोण्यानं मोटार काल थांबली. तळ्या धुतल्या की ते दुखणं गेलं. पण आधीच्या कड्या लोण्यानं नाही जळल्या. त्या याच्या डाव्या पायानं जळल्या. हा पाय सारखा पेडलावर असतो.

संभा बटण धरून थांबला. "लेकराची आण मिस्तरी, म्या ठेवत न्हाई."

मी वाड्यातून धान्याचा तराजू मागवला. कणीक घ्यायला आलेल्या बायका तशाच थांबल्या. संभाला मोटारीत नेहमीसारखा बसवला, टाच फळीवर, आणि पेडलाच्या जागी तराजूचं पारडं धरलं. डावा पाय नुसता विसावला तर पारड्यात अडीच शेर भरला. मग पेडलावर वजनं ठेवून पाहिलं. पेडलाचा रिकामा इंच दोन शेरातच संपत होता. म्हणजे पाय नुसता टेकला की कडी फिरायला लागायची, आणि गावापासून हिंगोलीपर्यंत फिरतच राहायची.

देशमुखांनी विचारलं, "आन् उजव्याचं वजन?"

मी म्हणालो, उजव्याची तक्रार नाही.

"मंग झालं," ते म्हणाले. "पाय त्याचा, कसूर त्याची. सरक बाजूला. माणसानं पाय कसा ठेवावा ते दाखवतो." आणि संभाला उतरवून ते स्वतः चाकामागे बसले. डावा पाय त्यांनी फळीवर सपाट ठेवला. "हा असा. काय अवघड हाय?"

काहीच अवघड नव्हतं. पण जावईबापू ओसरीवर चहा घेत बसले होते. काल सगळ्यांबरोबर नाडा ओढल्यापासून ते बरेच बोलके झाले होते. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, तुम्ही तरुणपणी शंकरपटात जोडी पळवायचात म्हणतात, ते खरं का. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. देशमुखांच्या जिव्हाळ्याचा हा एकच विषय. चाक हातात होतं, त्याचा कासरा झाला. ते सांगू लागले, की एका शर्यतीत शेजारची जोडी कशी पुढं गेली, मग यांनी डाव्या बैलाला कसं चेतवलं. सांगता सांगता ते पुढं झुकले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. संभा मात्र खाली पाहत होता.

"मालक," तो म्हणाला, "पाय."

देशमुखांचा डावा पाय पेडलावर होता. बोटं हलत होती.

अंगणात कोणी हसलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. देशमुखांनी आपल्या पायाकडे असं पाहिलं, जसं काही तो दुसऱ्याच कोणाचा होता. मग मला समजलं, आणि त्यांनाही माझ्याबरोबरच समजलं असावं. गाडी हाकणारा पुढं बसतो, उजवा पाय दांडीवर आणि डावा पाय डाव्या बैलाच्या पुठ्ठ्याला. बोटं हलवली की बैलाला कळतं, धनी जागा आहे. ज्यानं बैल हाकले, त्याचा डावा पाय मोकळा राहूच शकत नाही. नांदेडच्या मास्तरानं त्याचे हात शिकवले होते. पायाला कोणी विचारलंच नव्हतं.

देशमुख खाली उतरले. त्यांनी ओट्यावरची किल्ली उचलली, क्षणभर हातात खेळवली आणि संभाकडे टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्तरी, पायाला जागा करा."

त्या वाक्यानं मला उपाय सुचला. संभा आणि मी गोठ्यात गेलो, दमणीवरच्या कोंबड्या हुसकल्या आणि तिच्या जुन्या दांडीचा वीतभर तुकडा कापला. त्याच्यावर मोटेच्या जुन्या चामड्याचा तुकडा चढवला आणि पेडलाच्या डावीकडे, पायाच्या बेतानं, फळीला दोन स्क्रूंनी बसवला. संभानं पाय ठेवून पाहिला. बोटं हलवून पाहिली.

"बराबर," तो म्हणाला. "जरा गार लागतं. बैल ऊन असतो."

तळ्या मात्र मला हिंगोलीला नेऊन उघडाव्या लागल्या. गिअरबॉक्स खांद्यावर घेतला तेव्हा हळदीचं तूप माझ्या मानेवरून पाठीत उतरलं. तळ्या धुण्याच्या सोड्यात उकळायला मी घरचा हंडा घेतला, त्यावरून घरात जे झालं ते वेगळंच. आमच्या मंडळी म्हणाल्या, लेकरांच्या भातावर तूप न्हाई, आन् मोटारी तुपात न्हाऊन राहिल्या. तो हंडा पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही.

ती कडी टिकली. टिटवी पुन्हा बोलली नाही. त्या लाकडाच्या तुकड्याचा मला अभिमान आहे, हे कबूल करतो. मोठमोठ्या कारखान्यांतल्या लोकांनी मोटारीत सगळ्याला जागा केली होती, डाव्या पायाला नव्हती. वाईट एवढंच वाटतं, की आधीच्या दोन कड्यांच्या वेळी मी पट्टीनं इंच मोजत राहिलो आणि माणूस चालवताना शेजारी एकदाही बसलो नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, मोटार माझ्या गॅरेजात आली. काही बिघडलं नव्हतं. संभा उतरला. एका हातात पळसाच्या पानानं झाकलेली वाटी होती. मी पान्हा टाकून फळीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"भिऊ नका," तो म्हणाला. "तिथं न्हाई."

त्यानं आत वाकून त्या दांडीच्या तुकड्याला लोणी-हळद लावली, चामडं अंगठ्यानं चांगलं मळलं आणि पुटपुटला, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मला वाटलं, झालं. पण वाटीत अर्धं उरलं होतं. तो वाटी घेऊन माझ्याकडे आला.

"बसा मिस्तरी."

"मी कशाला?"

"त्यो डबा कोन्त्या खांद्यावर घेता?"

 त्यानं आपणच उजवा ओळखला, तो बोटभर खाली होता. सदऱ्याची गुंडी काढायला लावून, बैलाचा मळतात तसाच, दाबून दाबून त्यानं माझा खांदा मळला. हात जड होता, पण जाणता होता. किती वर्षांचं अवघडलेलं काही तरी आत सुटलं. मग तो माझ्या कानाशी वाकला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी मी पुसेगावच्या पुढं जेवायला गेलो. सायकलवर गेलो. पोळ्याच्या दिवशी मोटार काढायची नाही, असा वाड्यावर आता नेम झाला होता.